जड झालेली बरणी

१

चोरी झाली की डबा हलका होतो. निदान वकील रेखा नरगुंदकरांचा आजवरचा अनुभव तरी तसाच होता. दागिन्यांचे डबे, देवळाच्या दानपेट्या, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका कापडवाल्याचा गल्ला, सगळे चोरीनंतर हलके झाले होते. नवनगरच्या संशोधन संस्थेतली ही बरणी मात्र चोरीनंतर जड झाली होती.

"काल सकाळी हातात घेतली आणि हात एकदम खालीच गेला, अक्का," दीपश्री सांगत होती. "माझी भुकटी पिंजलेल्या कापसासारखी हलकी. म्हणून झाकण उघडलं. आत पांढरंच होतं, पण माझं नव्हतं."

एवढं बोलून तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या नागोजी शेतकऱ्याची ही मुलगी. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. संस्थेत रसायनशास्त्राची पीएच.डी. करत होती आणि तीन वर्षांची तिची सगळी मेहनत त्या एका प्लास्टिकच्या बरणीत होती.

२००८ सालचा दसरा गुरुवारी झाला. शुक्रवारी संस्था उघडली तेव्हा बरणीचा हा प्रकार लक्षात आला. सोमवारी बेंगळुरूहून एक मोठे शास्त्रज्ञ भुकटी बघायला येणार होते. पोलिसांत गेलं तर गावभर बोभाटा होणार, म्हणून संस्थेच्या सचिवांनी शनिवारी सकाळीच केशवापूरला घरी फोन करून रेखाबाईंना गळ घातली, की तेवढं गुपचूप निस्तरून द्या. रेखाबाई रिक्षात बसून निघाल्या. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपण चष्मा पुसत बसायचं, ही त्यांची कोर्टातली जुनी पद्धत. भल्याभल्यांना ती फार महागात पडली होती.

"कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक सरांकडे."

"आणि बरणी कपाटाबाहेर कधी काढली होतीस?"

"नाही, अक्का. दसऱ्याच्या आधी आत ठेवली, ती थेट काल काढली."

रेखाबाईंनी बरणी उचलून उलटी केली. बुडाला कुंकवात रंगलेला तांदळाचा एक दाणा चिकटला होता. त्यांनी तो नखानं काढला आणि रुमालात गुंडाळून ठेवला.

२

डॉ. गुरुप्रसाद हे दीपश्रीचे मार्गदर्शक. धारवाडात त्यांच्या कडक शिस्तीची ख्याती अशी, की त्यांच्या प्रयोगशाळेत माशीसुद्धा परवानगी काढून शिरत असावी. खुर्चीतून न उठता त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"मॅडम, चोरी वगैरे काही झालेली नाही. बरणीतल्या पावडरीवर मी स्वतः ॲसिड टाकलं. फसफसून वर आलं. म्हणजे साधी दगडाची पूड. माझं विचाराल तर खरी पावडर कधी नव्हतीच."

"नव्हतीच? म्हणजे मुलगी तीन वर्षं तुम्हाला फसवत होती?"

"आकडे फार चांगले होते हो. इतके चांगले, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आता सोमवारी पाहुण्यांसमोर पुन्हा मोजून दाखवायची पाळी आली, आणि नेमकी त्याच्या आधी चोरी होते? कुलूप शाबूत, किल्ल्या दोन. माझी किल्ली दसऱ्याला घरी जुडग्यात होती. मग राहिलं कोण?"

"नवी करून दाखवू दे की तिला."

"महिना लागतो. उद्या संध्याकाळपर्यंत पावडर मिळाली नाही, तर सोमवारी मी पाहुण्यांना खरं काय ते सांगणार. तिचं नाव संस्थेतून कमी होणार. खोट्या आकड्यांखाली माझी सही मी ठेवणार नाही."

माणूस दुष्ट नव्हता. बोलताना त्यांचा आवाज कापला, तो रागापेक्षा दुःखानं. रेखाबाईंना तेच अवघड वाटलं. लबाड माणसाशी भांडता येतं, पण प्रामाणिकपणे चुकणाऱ्याला पुराव्याशिवाय काही सांगून उपयोग नसतो.

"ही भुकटी नेमकं करते तरी काय?" त्यांनी विचारलं. "मी कायद्याची बाई. मला बेतानं सांगा."

आणि इतका वेळ कपाळाला आठ्या घालून बसलेले डॉक्टर चक्क खुलले. टेबलावरच्या काड्यांचा आणि गोट्यांचा सांगाडा त्यांनी जवळ ओढला.

"हे बघा. या गोट्या म्हणजे धातूचे सांधे, काड्या म्हणजे आम्लाचे रेणू. आपोआप असं घर उभं राहतं. भिंती नावाला, खोल्याच खोल्या. इतक्या बारीक, की सूक्ष्मदर्शकातून दिसायच्या नाहीत. चिमूटभर पावडरीतल्या भिंती उलगडून पसरल्या तर कबड्डीचं मैदान झाकून जाईल. धुरांड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड या खोल्यांत शिरतो आणि मुक्कामाला राहतो. थोडं तापवलं की बाहेर. खोल्या पुन्हा रिकाम्या, पुन्हा नवे पाहुणे!"

रेखाबाई त्या काड्यांच्या घराकडे बघतच राहिल्या. रिकामेपणाचासुद्धा असा उपयोग होतो, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारी घरं एक शेतकऱ्याची पोर बांधते, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. आणि त्याच क्षणी रुमालातला तो दाणा आठवून त्यांना कळून चुकलं, की ही पोर एका गोष्टीत आपल्याशी धडधडीत खोटं बोलली आहे.

३

दोन मजले उतरून त्या कोठीत गेल्या. गोविंद हा संस्थेचा भांडारी. बोलायला सुरुवात केली की त्याला थांबवणं अवघड.

"मी काय म्हणतो बाईसाहेब, महेशला विचारा की! खंडेनवमीला पूजा झाल्यावर पिशवीत असं गोल काहीतरी घालून घेऊन गेला. मी हाक मारली तर वळूनसुद्धा बघितलं नाही."

महेश हा दीपश्रीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा दुसरा विद्यार्थी. त्यानं तिच्याकडे पूर्वी थोडी भुकटी मागितली होती आणि तिनं ती दिली नव्हती, हेही गोविंदनं न विचारता सांगितलं.

महेशला बोलावलं. पिशवीचं नाव काढताच तो कानापर्यंत लाल झाला.

"कोहळा होता, मॅडम."

"कोहळा?"

"आयुधपूजेला सर दोन कोहळे मागवतात. एक यंत्रांवरून उतरवून दारात फोडला. दुसरा फोडायला माझ्याकडे दिला होता. पण आईला सांडग्यांसाठी पाहिजे होता, आणि असला चांगला कोहळा फोडायचा म्हणजे... तुम्ही सरांना सांगू नका. देवीचा कोहळा घरी नेला म्हणतील."

रेखाबाईंनी चष्मा पुसायला घेतला, तो हसू लपवण्यासाठी. "दीपश्रीच्या भुकटीबद्दल तुझं काय मत?"

"पावडर खरी आहे, मॅडम. मी डोळ्यांनी बघितलीय. पण तिला एक खोड आहे. कोरडा गॅस दिला तर पोटभर खाते. हवेत जरा दमटपणा असला, की गॅस सोडून पाण्याच्या मागे धावते. खोल्या सगळ्या पाण्यानंच भरतात. सर रोज तिला टोचायचे, ही खोड आधी काढ म्हणून. बरणी उघडी ठेवलेली दिसली तर प्रयोगशाळेतून बाहेर काढीन, असंही म्हणाले होते."

पोर खोटं का बोलली, हा रेखाबाईंच्या मनातला एक गुंता सुटला. त्यांनी गोविंदला प्रयोगशाळा उघडून द्यायला सांगितली.

आत यंत्रांच्या कपाळावर अजून हळदीकुंकू होतं. हार सुकून गेले होते. झाडलोट करणारी चंद्रभागा सणाला गावी गेली होती, ती सोमवारी येणार. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट भट्टीच्या पायाशी आलं होतं आणि तिथे जमिनीवर एक मोठी काचेची घंटा, प्रयोगातलं घंटेच्या आकाराचं झाकण, पालथी ठेवलेली होती. तिच्याखाली पांढरीशुभ्र रांगोळी, आठ पाकळ्यांचं कमळ.

"सरांच्या आईंनी काढली," गोविंद म्हणाला. "आज्जींचा हात म्हणजे काय विचारता! पण पंख्याच्या वाऱ्यानं रांगोळी उडायला लागली, म्हणून मीच कोठीतली ही घंटा आणून झाकली, आरती झाल्यावर."

रेखाबाई खाली वाकल्या. काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. काही ओघळून खाली कडेशी आले होते.

"इथे सडा घातला होता का रे? की तीर्थ शिंपडलं?"

"छे हो! मशिनजवळ पाण्याचा थेंब नेला तर सर जिवंत सोडायचे नाहीत. पूजेचा तांब्यासुद्धा दाराबाहेर. इथली पूजा सगळी कोरडी."

"मग हे पाणी कुठून आलं?"

गोविंद मान वर करून छत कुठे गळतंय का ते बघायला लागला.

४

दीपश्री बाहेर पायऱ्यांवर बसली होती. रेखाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि रुमाल उलगडून तो कुंकवाचा दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

"ही अक्षता तुझ्या बरणीच्या बुडाला होती. बंद कपाटात कुणी पूजा करत नाही, बाळ. आता खरं सांग. मी तुझ्या बाजूची आहे, पण मला अंधारात ठेवलंस तर मी काही करू शकणार नाही."

पोरीच्या तोंडून आधी हुंदकाच फुटला.

"अक्का, आमच्या घरी खंडेनवमीला अप्पा नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, सगळं धुऊन देवीपुढं मांडतात. वर्षभर जे हातात असतं त्याचीच पूजा. इथं सगळ्यांनी यंत्रांना हार घातले. यंत्रं संस्थेची. माझं म्हणावं असं ती बरणीच होती. म्हणून माझ्या तबकात खल, चमचे आणि ती बरणी घेऊन पूजेत ठेवली. देवीनं बघावी म्हणून झाकणसुद्धा काढलं. सर नव्हते तेव्हा, आज्जींना घेऊन मागून आले. सरांना कळलं असतं तर..."

"मग परत आत कशी ठेवलीस?"

"आरती झाल्यावर गावच्या बसची घाई होती. आज्जींनी तोवर सगळं आवरून झाकणं लावून ठेवलं होतं. माझ्या झाकणावर निळी पट्टी आहे, ती दिसली. आख्खं तबक उचललं आणि कपाटात सरकवून कुलूप लावलं."

"आणि तबकात दगडाचा खल. म्हणजे वजनातला फरक तुला तेव्हा कळलाच नसता."

दीपश्री त्यांच्याकडे बघायला लागली. रेखाबाई उठून उभ्या राहिल्या. "रडायचं थांबव आणि जेवून घे. मी सरांच्या आईंकडे चहाला जाऊन येते."

डॉक्टरांचं घर चालत जाण्यासारखं होतं. वेणूबाईंनी दार उघडलं. गोऱ्यापान, ठेंगण्या, सत्तरीच्या पुढच्या बाई. "बर्री, बर्री, आत या की!" म्हणत त्यांनी रेखाबाईंना झोपाळ्यावर बसवलं, अवलक्की, म्हणजे फोडणीचे पोहे, पुढे ठेवले आणि मुलाची तक्रार सुरू केली. तो वेळेवर जेवत नाही, दसऱ्यापासून तर घास गिळत नाही, त्या पोरीच्या काळजीनं झुरतोय आणि वर तिच्यावरच रागावतोय.

"संस्थेतली तुमची रांगोळी बघितली. कमळ फार सुरेख आलंय," रेखाबाई म्हणाल्या.

"अय्यो, कसलं सुरेख! यंदाची रांगोळी अगदी वाईट, बघा. गोविंद दरवर्षी संस्थेतल्या जुन्या बरणीत भरून ठेवतो, शिरगोळ्याच्या दगडाची, छान वजनदार. यंदाची चिमटीत धरली की हवेत! रेघ म्हणून सरळ पडेना. पन्नास वर्षांचा हात म्हणून तेवढं तरी जमलं. आणि बोटं अशी सुकली की काय सांगू. रात्री भेगा पडल्या, खोबरेल चोळून बसले."

अवलक्कीचा घास रेखाबाईंच्या हातातच राहिला.

"रांगोळीची ती बरणी कुठे आहे, वेणूबाई?"

"आणली की घरी, पूजेच्या सामानाबरोबर. दोन उघड्या बरण्या होत्या, दोन्हींत पांढरं. मी जवळची घेतली. ती बघा, देवघराच्या फळीवर."

रेखाबाईंनी दगडाच्या पुडीचा अंदाज धरून बरणी उचलली. त्यांचा हात एकदम वर गेला.

५

रविवारी सकाळी रेखाबाईंनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. डॉक्टर गुरुप्रसाद हाताची घडी घालून उभे होते. महेश, गोविंद आणि दीपश्री भिंतीला टेकून. वेणूबाईंना खुर्ची दिली होती. टेबलावर दोन सारख्या बरण्या ठेवल्या होत्या.

"डॉक्टर, दोन्ही उचलून बघा," रेखाबाई म्हणाल्या.

त्यांनी पहिली उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली आणि ती हातातच धरून राहिले. बुडाशी मूठभर पांढरी भुकटी होती.

"ही... ही कुठे मिळाली?"

"तुमच्या देवघरात."

मग रेखाबाईंनी कोर्टात सांगतात तसं क्रमानं सगळं सांगितलं. पूजेत दोन सारख्या बरण्या उघड्या होत्या. वेणूबाईंनी नकळत दीपश्रीच्या भुकटीनं रांगोळी काढली. आवरताना झाकणांची अदलाबदल झाली. निळ्या पट्टीचं झाकण खऱ्या रांगोळीवर बसलं, तीच बरणी दीपश्रीच्या तबकात ठेवली गेली आणि तबकासकट कपाटात गेली. कुणी चोर नव्हता. दीपश्री खोटं बोलली हे खरं, पण ती बरणी पूजेत ठेवल्याबद्दल आणि तेही तुमच्या धाकानं. आकड्यांबद्दल ती कधीच खोटं बोललेली नाही.

"अय्यो देवरे! म्हणजे पोरीची तीन वर्षांची मेहनत मी जमिनीवर सांडली?" वेणूबाईंनी कपाळावर हात मारला.

डॉक्टरांनी ॲसिडची बाटली काढली. हलक्या बरणीतली चिमूटभर भुकटी काचेवर घेऊन वर थेंब टाकला. फसफसलं नाही. तरी त्यांची मान हलली. शास्त्रज्ञ माणूस, सहजासहजी कसला ऐकतोय.

"ही दगडाची पूड नाही, एवढंच सिद्ध झालं, मॅडम. तिची पावडर हीच आणि ती जिवंत आहे, हे कशावरून? तपासायचं तर दोन दिवस लागतील. आणि हीच असली तरी आधी पूजेत उघडी होती, मग चार दिवस देवघरात. हवेतला ओलावा पिऊन ती केव्हाच निकामी झाली असणार."

"पिऊन," रेखाबाई म्हणाल्या. "बरोबर बोललात. आता जरा खाली बघा."

ऊन एव्हाना भट्टीच्या पायाशी आलं होतं. सगळे कालच्या रेखाबाईंसारखे वाकले. मघाशी कोरडी असलेली काच आतून धुरकट होत होती. बघता बघता त्या धुरकटपणाचे बारीक दाणे झाले, दाण्यांचे थेंब झाले आणि एक थेंब काचेवरून वाट काढत हळूच खाली आला.

"इथे कुणी पाणी आणलेलं नाही. गोविंद शपथेवर सांगेल. काल दुपारनंतर काच पुन्हा कोरडी झाली, ते मी येऊन बघून गेले. आज ऊन आलं तसं पाणी पुन्हा आलं. वेणूबाईंची बोटं ज्यानं सुकवली तेच हे. दगडाची पूड असं करते का? मला रसायनशास्त्र कळत नाही, डॉक्टर. तुम्हीच सांगा, हा साक्षीदार खोटा आहे का?"

दीपश्री जमिनीवर बसली. काचेला नाक लावून तिनं बघितलं आणि इतके दिवस रडून सुजलेला तिचा चेहरा उजळत गेला.

"सर, भट्टी नाही, आच नाही. नुसतं कोवळं ऊन!" ती पुटपुटली. "एवढ्यावर पाणी सोडतेय. गार झालं की परत पितेय. आपण तिला गॅस खाऊ घालत होतो आणि ती तहानलेली होती."

गुरुप्रसाद गुडघ्यांवर बसले. पांढऱ्या पँटीला हळदीकुंकू लागलं, त्याचंही त्यांना भान नव्हतं. एका रांगोळीनं हवेतून ओढून आणलेलं ते पाणी ते लहान मुलासारखे बघत होते.

"तीन वर्षं मी हिला सांगतोय, खोड काढ, खोड काढ," ते म्हणाले. "आणि तीच खोड... दीपश्री, मी तुला खोटी म्हणालो. फार मोठी चूक झाली माझी. मला माफ कर."

"सर, मी पण बरणी उघडली की."

"बरं झालं उघडलीस! मी असेपर्यंत ती कुणी उघडली नसती."

त्यांनी गोविंदला पूजेची पळी आणायला सांगितली. मशिनजवळ पाण्याचा थेंब येऊ न देणाऱ्या त्या माणसानं काचेची घंटा अलगद तिरपी केली आणि कडेशी साठलेलं पाणी पळीत उतरवून घेतलं. अर्धी पळीसुद्धा भरली नाही. वेणूबाईंनी सवयीनं तीर्थासाठी हात पुढे केला.

"आज्जी, प्यायचं नाही हं! आधी तपासायला पाहिजे," दीपश्री घाईनं म्हणाली.

"बरं बाई, नुसतं डोळ्यांना लावते."

"थांब, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "आधी तिला."

त्यांनी पळी दीपश्रीच्या तळहातावर कलती केली. दोन थेंब पडले. अळणावरच्या नागोजीच्या लेकीनं ते ओंजळीत धरून उन्हात बघितले, डोळ्यांना लावले आणि लगेच निळ्या पट्टीचं झाकण उचलून हलक्या बरणीवर घट्ट बसवलं.

"गोविंद," वेणूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रांगोळी मी घरनं आणते बाबा. तुमच्या बरण्यांचा काही भरवसा नाही."

महेश मोठ्यानं हसला आणि कोहळ्याची आठवण होऊन एकदम गप्प बसला. रेखाबाईंनी चष्मा काढला. या वेळी काचा खरंच ओल्या झाल्या होत्या.